फळ्यावर न मावणारी पेशी

चौतीस वर्षे मी फळ्यावर त्याच दोन आकृत्या काढत आले. डावीकडे वनस्पतिपेशी, म्हणजे कोपरे किंचित गोलावलेला आयत. उजवीकडे प्राणिपेशी, म्हणजे मनगट सैल सोडून काढलेला एक ओबडधोबड गोल. आयताला दुहेरी रेघ द्यायची, कारण बाहेरची पेशीभित्तिका आणि तिला आतून चिकटलेले प्रद्रव्यपटल ही दोन निराळी आवरणे आहेत हे मुलांच्या डोळ्यांत भरायला हवे. आयताच्या मधोमध भली मोठी रिक्तिका, म्हणजे रसाने भरलेली पिशवी, तिने एका कडेला सारलेले केंद्रक आणि हिरव्या खडूने काढलेली चार हरितलवके. गोलात केंद्रक मध्यभागी, भोवती ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिकेच्या नागमोडी रेषा, गॉल्गी पिंडाच्या एकावर एक रचलेल्या चकत्या आणि दोन-तीन लयकारिका. नागपुरातल्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवले, तिथल्या मुलांनी वर्षानुवर्षे ह्या आकृत्या वहीत उतरवून घेतल्या, नावे पाठ केली आणि 'फरक स्पष्ट करा' ह्या प्रश्नाचे गुण मिळवले.

त्या आकृत्यांत चूक काहीच नव्हती. पण फळ्यावरची ती नमुना पेशी संत्र्याच्या फोडीत, पऱ्हाटीच्या बोंडात किंवा बोटाला सुई टोचून काढलेल्या रक्ताच्या थेंबात शोधायला गेले, तर कुठेच सापडत नाही. प्रत्येक ठिकाणी तिच्यातले काही गाळलेले असते आणि काही अफाट वाढवलेले असते. पेशीची रचना म्हणजे तिच्यातल्या भागांची यादी, असे मी कळत नकळत शिकवत होते. खरी रचना त्या गाळण्यात आणि वाढवण्यात आहे, हे मला फार उशिरा समजले, आणि ते समजायला एका विद्यार्थिनीला त्रास सोसावा लागला.

त्याआधी शब्दाबद्दल थोडे सांगते. नागपुरात वर्गातली बरीच मुले दहावीपर्यंत हिंदी माध्यमात शिकलेली असत, त्यामुळे दरवर्षी कोणीतरी विचारीच, "मॅडम, कोशिका म्हणजेच पेशी ना?" मी हो म्हणून पुढे जात असे. आता वाटते, तिथे थांबायला हवे होते. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्याला दिसलेल्या लहान लहान कप्प्यांना लॅटिनमधल्या खोलीवाचक शब्दावरून 'सेल' हे नाव दिले. हिंदीतल्या कोशिकेतही कोश आहे, म्हणजे पुन्हा काहीतरी साठवण्याची जागाच. आपली पेशी मात्र मांसपेशीतून आली आहे. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या ५०० पेशी मोजल्या आहेत, त्या स्नायूंच्या अर्थाने. एका शब्दाने भिंत पाहिली आणि दुसऱ्याने मांस पाहिले. हूकला जे दिसले ती मेलेल्या पेशींची रिकामी घरे होती, आत राहणारे केव्हाच गेलेले होते. केंद्रकाला त्याचे नाव १८३१ साली रॉबर्ट ब्राऊनने दिले. वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात हे श्लायडेनने १८३८ साली मांडले आणि पुढच्याच वर्षी श्वानने ते प्राण्यांनाही लागू केले. हूकच्या कप्प्यांपासून तिथवर यायला जवळजवळ पावणेदोनशे वर्षे लागली. ह्या उशिराला चांगल्या भिंगांचा अभाव कारण होताच, पण माझ्या मते भिंतही कारण होती. वनस्पतीच्या पेशीची भिंत साध्या भिंगालाही दिसते. प्राण्याच्या पेशीला ती नसतेच, आणि जिथे भिंत नाही तिथे घर आहे हे ओळखणे कठीण जाते.

संत्र्यापासून सुरुवात करते, कारण ह्या गावात दुसरीकडून सुरुवात करणे बरे दिसत नाही. फोडीवरचे पातळ साल सोलले की आत रसाने फुगलेले लांबट दाणे दिसतात. त्यांतला प्रत्येक दाणा म्हणजे एक पेशी, असे मुलेच काय, पुष्कळ मोठी माणसेही समजतात. तो दाणा एक पेशी नसतो. फुलातल्या बीजकोशाच्या आतल्या अस्तरातून केसासारखी वाढ सुरू होते आणि तिच्यात पुष्कळ पेशी तयार होतात. पुढे त्या नव्याने विभागण्यापेक्षा नुसत्या फुगत जातात. फुगते ती रिक्तिका. पिकलेल्या दाण्याच्या आतल्या पेशीत रिक्तिकेने जवळजवळ सगळी जागा घेतलेली असते, आणि पेशीद्रव्य, म्हणजे रिक्तिकेबाहेरचा पेशीतला दाट द्रव, भिंतीला लागून उरलेल्या पातळ लेपाइतके राहते. केंद्रक, तंतुकणिका आणि बाकीचा सारा संसार त्या लेपात मांडलेला असतो.

ह्या मांडणीचे मला आजही नवल वाटते, कारण रिक्तिकेतला रस आंबट आहे आणि पेशीद्रव्याला आंबटपणा मानवत नाही. दोहोंच्या आम्लतेत काही हजार पटींचा फरक असतो, आणि तो फरक रिक्तिकेभोवतीच्या एका पटलाने, म्हणजे मेदाच्या दोन रेणूंच्या जाडीच्या पडद्याने सांभाळलेला असतो. त्या पटलातले प्रथिनांचे पंप ऊर्जा खर्चून हायड्रोजनचे आयन रिक्तिकेत ढकलत राहतात. आपण फोड दाताखाली धरतो, तेव्हा ते पडदे फुटतात आणि इतके दिवस वेगळे ठेवलेले सगळे एकत्र होते.

काटोलजवळ माझ्या मामांची संत्र्याची बाग होती. बहार धरायचा, म्हणजे ठरलेल्या हंगामात झाडाला फुले आणायची, तर आधी झाडाचे पाणी तोडायचे. ह्याला ताण देणे म्हणतात. आंबिया बहारासाठी ताण डिसेंबरच्या सुमारास, आणि मृग बहारासाठी ऐन मे महिन्यात, जेव्हा नागपूरचा पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो. मामा रोज सकाळी बागेत फिरून पाने हातात घेऊन बघत. पान दुपारी मलूल व्हावे, पण पहाटेपर्यंत सावरावे, इथवर ताण चालतो. पहाटेही पान सावरले नाही, तर पाणी सोडायची वेळ झाली. बोटांनी पान चाचपताना ते खरे तर रिक्तिका चाचपत होते. पाण्याने भरलेली रिक्तिका पेशीद्रव्याला आतून भिंतीवर दाबते आणि भिंत तितक्याच जोराने उलट दाबते. हा दाब पुष्कळदा मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबापेक्षा जास्त असतो. पान ताठ राहते, कोवळा शेंडा उभा राहतो, ते ह्या दाबावर. पाणी कमी झाले की दाब उतरतो आणि पान मान टाकते, पण भिंत जागेवर असते, म्हणून पाणी मिळताच तेच पान पुन्हा उभे राहते.

आता त्या विद्यार्थिनीविषयी. तिचे नाव लिहीत नाही. ती भंडाऱ्याकडच्या एका गावातून शिकायला आली होती आणि इथे नातेवाइकांकडे राहायची. वर्गात ती वारंवार पाणी प्यायला उठायची, आणि तितक्याच वेळा तिला बाहेरही जावे लागायचे. एप्रिलच्या एका जादा तासाला मी नेमकी रक्तपेशींची आकृती काढत होते. ती तिसऱ्यांदा उठून म्हणाली, "मॅडम, पाणी पिऊन येऊ का?" मी सगळ्या वर्गासमोर तिला बोलले आणि खाली बसवले. ती काहीही न बोलता बसली. पुढचे आठ दिवस ती आली नाही. मग तिचे वडील आले, टोपी हातात धरून स्टाफरूमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पोरीले पानी लागते जी मॅडम, डाक्टरनं सांगतलं हाय." त्यांनी खिशातून चारदा घडी घातलेला कागद काढून दाखवला. त्यावर एसएस पॅटर्न लिहिलेले होते. विदर्भात हे दोन शब्द कितीतरी घरांना ठाऊक आहेत. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशी सिकलसेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची दोन्ही जनुके मुलीत आलेली होती.

ज्या पेशीची आकृती मी काढत होते, ती पेशी समोर बसलेल्या मुलीच्या शरीरात काय करते आहे, हे मला ठाऊक नव्हते. जीवशास्त्राच्या शिक्षिकेला ते ठाऊक असायला हवे होते, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

मग मी त्या एका पेशीबद्दल मिळेल ते वाचत गेले. तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रोमीटर रुंदीची, दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेली चकती असते. अस्थिमज्जेत ती तयार होते, तेव्हा तिला केंद्रक असते. पक्व होताना ती ते बाहेर टाकते, आणि मग तंतुकणिका, रायबोझोम, आंतर्द्रव्यजालिका हेही सगळे सोडते. केंद्रक नाही म्हणजे नवी प्रथिने बनवायच्या सूचना नाहीत, आणि रायबोझोम नाहीत म्हणजे बनवायची सोयही नाही. जे बरोबर घेऊन निघाली त्यावरच तिला सुमारे १२० दिवस काढायचे असतात. हे सारे सोडून मोकळ्या केलेल्या जागेत ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनचे साधारण २७ कोटी रेणू भरलेले असतात. तंतुकणिका सोडण्यात तर मला फार मोठी व्यवस्था दिसते. तंतुकणिका ऑक्सिजन वापरते; रक्तपेशीत ती नसल्यामुळे ही पेशी आपली ऊर्जा ऑक्सिजनविना साखर फोडून मिळवते, आणि वाहून नेत असलेल्या मालाला वाटेत हात लावत नाही. फळ्यावरच्या उजवीकडच्या गोलात मी ज्यांची नावे लिहून घेत होते, त्यांतले जवळजवळ काहीच ह्या पेशीत नाही, आणि तरी तिच्यावाचून आपला एक क्षणही निभत नाही.

तिला भिंत नाही हेही इथेच महत्त्वाचे ठरते. सर्वांत बारीक केशवाहिन्या तिच्या रुंदीपेक्षा अरुंद असतात, तेव्हा तिला दुमडून, लांबट होऊन त्यांतून जावे लागते आणि पलीकडे जाऊन पुन्हा चकती व्हावे लागते. पटलाच्या आतून चिकटलेली प्रथिनांची लवचीक जाळी तिला हे करू देते. भिंत असती तर ती पहिल्याच अरुंद वाटेत अडकली असती. भिंत नसल्याची किंमतही आहे. वनस्पतिपेशी साध्या पाण्यात ठेवली तर ती फुगून ताठ होते आणि भिंत तिला सावरते. रक्तपेशी साध्या पाण्यात ठेवली तर फुटते. म्हणून तिच्याभोवतीच्या पाण्याचा आणि क्षारांचा हिशेब शरीराला सतत जपावा लागतो.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले असते. एवढ्या फरकाने, ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून लांब कांड्या बनवतात, त्या कांड्या आतून पटलाला रेटतात आणि पेशी विळ्यासारखी ताणली जाते. मग ती दुमडत नाही, बारीक वाहिन्यांत अडते आणि पलीकडच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही. त्या मुलीच्या हातापायांत उठणारी असह्य कळ ह्या अडण्याची असायची. अशी पेशी १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसच टिकते. सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट मला नंतर समजली. पेशीतले पाणी कमी झाले की हिमोग्लोबिन दाटते, आणि दाटले की ह्या कांड्या कितीतरी लवकर बनतात, म्हणून पाणी पीत राहणे हा ह्या मुलांच्या उपचाराचाच भाग असतो. शिवाय मूत्रपिंडाच्या आतल्या भागात रक्तपेशी अशाच अडत गेल्यामुळे लघवी दाट करून पाणी वाचवायची त्याची ताकद लवकर कमी होते, म्हणून त्यांना वारंवार बाहेर जावे लागते आणि वारंवार तहान लागते. नागपूरच्या एप्रिलमध्ये त्या मुलीला मी ताण देत होते, आणि तिच्या पेशींना भिंत नव्हती.

ती परत आली तेव्हा मी वर्गासमोरच तिची माफी मागितली. पाण्याची बाटली बाकावर ठेवायची सगळ्यांनाच मुभा दिली, म्हणजे तिच्या एकटीकडे कोणी बघणार नाही. एका दुपारी प्रयोगशाळेत तिला रिओ ह्या शोभेच्या झाडाच्या पानाचा खालचा जांभळा पापुद्रा सोलून दाखवला. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात त्या पेशी जांभळ्या फरशीसारख्या एकमेकींना लागून बसलेल्या दिसत होत्या. मी कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. थोड्या वेळात जांभळा रंग प्रत्येक पेशीच्या भिंतीपासून सुटू लागला, आधी कोपऱ्यांतून, मग कडांवरून, आणि शेवटी रिकाम्या खोलीच्या मधोमध एक जांभळा गोळा उरला. भिंती होत्या तशाच उभ्या होत्या. मग साधे पाणी सोडले आणि रंग हळूहळू पुन्हा भिंतीपर्यंत पसरला. ती बराच वेळ डोळा लावून बसली होती. डोळा न काढताच तिने विचारले, "मॅडम, माझ्या पेशी पण पाणी प्यायल्यावर परत अशा गोल होतात का?" मी सांगितले की ऑक्सिजन मिळाला की पुष्कळशा होतात, पण वारंवार वाकलेल्या काही पेशी नंतर तशाच राहतात. खोटे सांगणे मला शक्य नव्हते. तिने मान हलवली आणि पुन्हा मिठाचे पाणी सोडायला सांगितले.

२०२३ च्या १ जुलैला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवून. ती बातमी वाचताना मला आधी आठवली ती बाकावर ठेवलेली बाटली.

निवृत्तीनंतर मी एक जुना सूक्ष्मदर्शक विकत घेतला आणि आता तो जेवणाच्या टेबलावर असतो. आईचे वय ८६ आहे आणि तिने लाख वातींचा नेम धरला आहे. अंगणातल्या देवकापसाची बोंडे फुटली की ती सरकी बोटांनी सुटी करते, कापूस उन्हात मोकळा करते आणि दुपारभर वाती वळत बसते. ह्या कापसाबद्दल सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, कारण मला ठाऊक असलेली सर्वांत विलक्षण पेशी विदर्भाच्या काळ्या मातीत पिकते आणि तिला आपण पेशी म्हणून ओळखतच नाही. कापसाचा एक तंतू म्हणजे एकच पेशी. फूल उमलते त्या दिवशी बीजाच्या सालीवरच्या काही पेशी बाहेरच्या बाजूला फुगायला लागतात आणि साधारण तीन आठवडे लांबतच राहतात. रुंदी एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आतबाहेर आणि लांबी अडीच-तीन सेंटिमीटर. वर्गात पट्टी ठेवून मोजता येईल अशी एक पेशी. तिला लांबवणारा जोर रिक्तिकेतल्या पाण्याचाच. वाढीच्या त्या आठवड्यांत पाऊस दगा देऊन गेला तर धागा आखूड राहतो. बाजारात लांब धागा, मध्यम धागा असे म्हणून भाव ठरतो, किंवा वर्धा रोडवर १९७६ पासून असलेल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत धाग्याची लांबी आणि पक्वता तपासतात, तेव्हा एका पेशीचेच मोजमाप होत असते.

लांबणे थांबत आले की पेशी भिंत जाड करायला घेते. भिंतीचे इतर पदार्थ गॉल्गी पिंडात तयार होऊन पुड्यांतून बाहेर जातात, पण भिंतीचा मुख्य पदार्थ जे सेल्युलोज, त्याची गोष्ट निराळी आहे. ते विणणारी विकरांची (एन्झाइमांची) संकुले प्रद्रव्यपटलातच बसवलेली असतात. ती पटलातून सरकत जातात आणि त्यांच्या मागे सेल्युलोजचा दोर पडत जातो. त्यांची वाट पटलाखालच्या सूक्ष्मनलिका आखून देतात. दोर तिरके पडतात, तंतूभोवती गुंडाळल्यासारखे, आणि मधूनमधून दिशा बदलतात. थरावर थर चढत जाऊन पक्व तंतूत नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज होते आणि आतली पोकळी अरुंद होत जाते. दीड-दोन महिन्यांनी बोंड फुटते, पेशी वाळते आणि मरते. केंद्रक, पेशीद्रव्य, रिक्तिका, सगळे संपते आणि भिंत राहते. हूकने बुचात जे पाहिले होते तेच, फक्त लांब आणि पांढरे.

परवा आईच्या टोपल्यातून चिमूटभर कापूस घेऊन मी पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवला आणि तिला बघायला बोलावले. तिने पदराने चष्मा पुसला, मग चष्मा काढूनच ठेवला आणि भिंगाला डोळा लावला. तंतू नळीसारखे गोल दिसत नव्हते. वाळताना आतली पोकळी बसून ते चपटे झाले होते आणि फितीसारखे, थोड्या थोड्या अंतरावर, कधी ह्या बाजूला तर कधी त्या बाजूला, पिळलेले होते. मी तिला सांगितले की भिंतीतले दोर तिरके विणलेले असल्यामुळे वाळताना हा पीळ आपोआप पडतो, आणि त्या पिळामुळे तंतू एकमेकांत अडकतात, म्हणून सूत निघते.

ती डोळा न हलवता म्हणाली, "म्हणजे पीळ मी देत नाही का? हा आधीच वळलेला असते?"

मी म्हटले, तू त्याच्या पिळावर पीळ देतेस.

तिने जागेवर येऊन चष्मा चढवला, दुधाचे बोट लावून उरलेल्या कापसाची वात वळली, आणि ह्या खेपेला ती ताटात टाकण्याआधी उजेडाकडे धरून टोकापर्यंत नीट पाहिली.